धुऱ्यापलीकडचा ढालकिडा

आज सकाळी माझ्या संत्र्याच्या पानावर एक ठिपकेदार ढालकिडा पांढऱ्या माशीची पिल्लं खाताना दिसला. परमुलखातून आलेल्या या माशीचा बंदोबस्त करायला शेजारच्या वासुदेवाने विषाऐवजी ढालकिडे पाळले आहेत. त्याची हिरवीगार बाग मला फार दिवस सलत होती. मागच्या बहारात वारा त्याच्याकडे वाहतोय हे पाहूनच मी विषारी औषध फवारलं. त्याचे किडे पटापट गळून पडले.

"वाऱ्याले काय समजते, भाऊ? तुमच्यावर कायले रागावू?" एवढंच म्हणून त्याने ते पुन्हा पाळले.

वाऱ्याला कळत नव्हतं; मला कळत होतं. आज त्याचा किडा आमच्या शेतांमधला बांध, तो धुरा, ओलांडून माझ्याच झाडावर राबतोय. बागेचा हेवा केव्हाच संपला. आता हेवा वाटतो तो वासुदेवाला लागणाऱ्या शांत झोपेचा.