माणूस एक, रबरी पाय बावीस

अन्याय झाला तो आमच्या चाळीतल्या खोली नंबर सातच्या नानांवर. झाला तो खात्यांच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांच्या, सुटीच्या दिवशी, सकाळी सव्वानऊ वाजता, नळाचं पाणी जायच्या पाच मिनिटं आधी. करणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्रकं लिहायला शिकलो तेव्हा पहिला धडा हाच मिळाला होता की कोणी, कुणावर, कधी अन्याय केला ते पहिल्या ओळीत यायला हवं. आजवर त्या 'कोणी'च्या जागी गिरणीमालक, ठेकेदार, साहेब, पुढारी असे बरेच लोक बसवले. स्वतःला बसवायची ही पहिलीच वेळ.

समुद्राच्या तळाशी जायची एवढी जय्यत तयारी केलेला, आणि समुद्राकडे ढुंकूनही न बघणारा, असा दुसरा माणूस अख्ख्या सुरतेत नसेल. डुमसचा किनारा काही लांब नाही. चाळीतली सगळी जत्रा वर्षातून एकदा तिथं भजी खाऊन येते. नाना कधी आले नाहीत. "खारं पानी काय देखनं?" म्हणायचे. पण त्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाणबुड्यांचे अकरा चष्मे, बदकाच्या पायासारखे बावीस रबरी पंजे, पाठीला बांधायच्या तीन टाक्या, तोंडात धरून श्वास घ्यायच्या पाच नळ्या, शिशाचे ठोकळे ओवलेले दोन कमरपट्टे आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेला एक अखंड काळा रबरी पोशाख एवढा सरंजाम होता. तो पोशाख कुणा सव्वासहा फुटी गोऱ्यासाठी शिवलेला असावा. नाना सव्वापाच फूट. नव्यानं आलेला माणूस दार लोटून आत डोकावला की आधी त्या पोशाखाला "रामराम" घालायचा आणि मग त्याच्या गुडघ्यामागून नाना "राम राम, बठ" म्हणत बाहेर यायचे.

हा माल यायचा इच्छापोरच्या रस्त्यावरच्या भंगाराच्या वखारींतून. हजिऱ्याच्या बाजूला जेट्टीचे खांब पाण्याखालून तपासायला ठेक्यावर पाणबुडे येतात. ठेका संपला की फाटकं-तुटकं सामान वखारीत येऊन पडतं. नाना सुटीच्या दिवशी सायकल हाणत तिथं जायचे. एकदा मीही बरोबर होतो. वखारवाल्यानं लांबूनच ओळखलं. "आवो काका! दरियानो माल छे, आवो फरी नहीं मळे!" असा माल पुन्हा मिळायचा नाही म्हणत त्यानं एक पंजा उचलून दाखवला. डाव्या पायाचा. नानांकडे डाव्या पायाचे सात आधीच होते. मी म्हणालो, "नाना, याचा जोडीदार कुठंय?" नाना म्हणाले, "व्हई कोठे तरी." आणि पंजा सायकलच्या कॅरिअरला बांधला.

'व्हई कोठे तरी', असेल कुठंतरी, हेच त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. नाना खात्यात लूमचे मास्तर. सव्वीस वर्षं बिघडलेले लूम चालते करण्यात गेली. जुन्या मास्तरांची एक रीत असते. सुटा भाग फेकायचा नाही, जगात कुठल्या तरी लूमला तो लागणार असतो. नानांनी ही रीत पाण्याखाली नेली. टाकीच्या तोंडाला नळी बसेना म्हणून दुसरी नळी आणली. ती तिसऱ्या टाकीला बसेल असं वाटलं म्हणून तिसरी टाकी आणली. तिचे आटे उलटे निघाले. पाच नळ्या, तीन टाक्या, आणि एकीचं एकीशी जमत नाही. आमच्या कामगार संघटनेची बैठकच ती! शेवटी नानांनी खात्याच्या लेथवर स्वतः एक पितळी जोड कातला आणि टाकी-नळीचं लग्न लावलं. मग टाकी खांद्यावर घेऊन ते नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरायला गेले. त्यानं टाकीकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "चाचा, इसमें हवा भरूँगा तो दुकान उड़ेगी. और दुकान के साथ मैं. आप भी, लेकिन आपकी तो तैयारी है."

चष्म्याचं प्रकरण मिशीवर अडलं. नाना पाण्यानं भरलेल्या बादलीत चष्मा लावून तोंड बुडवायचे आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे. हे चालायचं नळावर, कारण बादली तिथं. मागे बायकांची रांग. "नाना, उठा की, माशे धरताय काय?" नाना वर यायचे ते मिशीवाटे आत शिरलेलं पाणी नाकातून फुर्र करीत. अकरा चष्मे झाले, पण झुबकेदार मिशी एकालाही आवरेना. अखेर एके दिवशी ते मिशी सफाचट करून आले. आता आमच्याकडे बाप्याची मिशी उतरते ती घरात कुणी गेल्यावर. चाळीनं बघितलं आणि तासाभरात कडू घास घेऊन बायका दारात. पिठलं, भाकरी, ताकातली भाजी. माझ्या आईनं हळूच विचारलं, "कोण गेलं, भाऊ?"

नानांनी ताट पुढे ओढलं. "कवयनंच गयं," म्हणाले. कधीचंच गेलं. "मिशी तेवढी आते काढी."

मग ते शांतपणे पिठलं-भाकर जेवले. आम्ही बाहेर येऊन पोट धरधरून हसलो. मी सगळ्यात जास्त. त्या वाक्याचा अर्थ आपल्याला लागला नाही हे माझ्या गावीही नव्हतं. मला तर जगातल्या सगळ्या वाक्यांचा अर्थ लागत होता. मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडे सायक्लोस्टाइल यंत्राची किल्ली होती.

आता चाळीची गोष्ट. आमची चाळ यंत्रमाग कामगारांची. एका खोलीत आठ-दहा जण. बारा तासांच्या दोन पाळ्या, त्यामुळे एकाच गादीवर दिवसा एक झोपतो, रात्री दुसरा. गादी कधी गार होत नाही. भानगड होते सुटीच्या दिवशी. दोन्ही पाळ्या घरी, आणि माणसांना आडवं व्हायला जागा नाही. पायऱ्यांवर, नळाच्या ओट्यावर, जिथं सावली तिथं माणसं मुटकुळं करून पडायची. आणि सात नंबरमध्ये एकटे नाना. बायको वारलेली, मूलबाळ नाही, बाकी सगळं रबर. माझं रक्त उसळलं. उसळायलाच हवं होतं, त्याबद्दल मला आजही लाज नाही. लाज आहे ती पुढची. मी नानांच्या दारी जाऊन एक शब्द विचारला नाही. सरळ पत्रक काढलं. मथळा दिला: 'खोली नंबर सात: माणूस एक, रबरी पाय बावीस!' खाली लिहिलं, 'कष्टकरी पायरीवर झोपतो आणि रबर छपराखाली!' हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःच्या पाठीवर थाप मारली होती. मजकुरात त्यांना 'पाणबुड्या' म्हटलं. ते पत्रक नळाच्या भिंतीवर डकवलं आणि सगळी चाळ पाणी भरत असताना मोठ्यानं वाचलं.

लोक हसले. नाना रांगेतच होते. बादली खाली ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणाले, "चार गाद्या बसतीन." मग स्वतःच दार उघडून एकेक वस्तू बाहेर आणून अंगणात ठेवू लागले. पंजे जोडीनं मांडले. ज्यांना जोडी नव्हती ते वेगळे मांडले. चष्म्यांच्या काचा सदऱ्याच्या टोकानं पुसल्या. इथं मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला टाळ्या ऐकू येत होत्या. मी नळाच्या ओट्यावर चढून जाहीर केलं, "ज्याला जे उपयोगी असेल त्यानं ते न्यावं!"

कुणाचं होतं ते? माझं होतं का? दुसऱ्याच्या मालकीवर डल्ला मारणाऱ्यांविरुद्ध मी तोवर डझनभर पत्रकं लिहिली होती.

दुपारपर्यंत अंगण साफ. रबरी पोशाखाचे तुकडे होऊन ते लूमखाली धक्का बसू नये म्हणून लागले. शिशाचे ठोकळे भाजीवाल्याच्या तागडीत. टाक्या वेल्डिंगवाल्याकडे. चष्मे कांदा चिरायला बायकांनी नेले, आणि खरं सांगायचं तर त्याचा उपयोग झाला. सात नंबरमध्ये चार पोरं झोपायला आली. मी ते पुढच्या पत्रकात विजय म्हणून छापलं.

दीड-दोन महिन्यांनी मी सह्या गोळा करत फिरत होतो. दुसऱ्या एका खोऱ्यात मोठं धरण होत होतं, गावं बुडणार होती, त्या लोकांच्या बाजूनं निवेदन होतं. सात नंबरच्या पायरीवर नाना बसलेले. आत पोरं घोरत होती. मी कागद पुढे केला. नानांनी तो पूर्ण वाचला. माझं लिखाण पूर्ण वाचणारा चाळीतला हा एकच माणूस. मग नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'गाव' होतं. तिथं त्यांनी एक नाव लिहिलं. मी सवयीनं विचारलं, "नाना, हे कुठं आलं? तालुका लिहा."

"तालुका नही आते," नाना म्हणाले. "मन्हं घर पानीमा शे."

घर पाण्यात. उकाई धरणाच्या पाण्यात. जे आमच्या नळाला येतं, ज्याच्या विजेवर लूम चालतात, ते पाणी. आम्ही जालन्याकडचे, आम्हाला तापीचा वरचा काठ काय माहीत! नाना तिथून उठले तेव्हा तिशीत होते. बापानं दारापुढं दगडी पायऱ्या घडवल्या होत्या, सगळ्या एकट्यानं. माणसं निघाली, लाकूडफाटा निघाला, पायऱ्या काही निघाल्या नाहीत. "जेठमा पानी उतरस," नाना सांगत होते, जणू खात्यातला एखादा बिघाड समजावून सांगताहेत. "शाळानी भिंत दिखस. घर खाले, उतारवर. दोन पुरुष पानी ऱ्हास." दोन माणसं बुडतील एवढं. पूर्वी दोनदा ते होडीतून जाऊन उडी मारून आले होते. हात पायरीपर्यंत पोचला नाही. तापीत वाढलेला माणूस, पण सव्वीस वर्षं लूमची रुई छातीत गेली, आता दम पुरत नाही. म्हणून नळी, म्हणून टाकी. या जेठात जायचं ठरलं होतं. पितळी जोड पक्का झाला होता. मिशीही काढली होती.

माझ्या हातात बुडणाऱ्या गावांच्या सह्या होत्या. मी म्हणालो, "नाना, तुम्ही बोलला का नाहीत? त्या दिवशी?"

"तुन्हं बरोबर व्हतं, भाऊ. जागा लागतच व्हती." त्यांनी आत झोपलेल्या पोरांकडे बघितलं. "इचारं असतं ते मीच सामान खाटखाले सरकाई देतू. कोन्ही इचारंच नही."

त्यानंतर मी दारोदार फिरलो. "तूच दिलं ना, पुढारी?" हे प्रत्येक दारात ऐकलं. ते खरं होतं. एका बाईनं कांद्याच्या वासाचा चष्मा तोंडावर फेकला. आतापर्यंत एवढंच जमलं: तीन चष्मे, एक नळी, आणि सहा पंजे, सगळे डाव्या पायाचे. नानांना ते दिले तेव्हा ते म्हणाले, "व्हई कोठे तरी उजवा," आणि माझी समजूत घातली. त्यांनी माझी! मला त्या क्षणी एखादी सणसणीत शिवी हवी होती. ती त्यांच्याकडे नव्हती. हल्ली ते संध्याकाळी पायरीवर बसलेले असतात. खोकतात जास्त. मिशी पुन्हा राखलीय, पांढरी आलीय.

जेठाला अजून अवधी आहे, म्हणून हे पत्रक. तुमच्यापैकी ज्याच्या घरात, खात्यात, दुकानात त्या दिवसाची एखादी वस्तू असेल त्यानं ती परत करावी. तुटकी असली तरी चालेल, नाना जोडतील. मला आणून देऊ नका, मी मध्ये पडून बघितलं आहे. थेट सात नंबरला जा. दारात हळू बोला, पोरं पाळीवरून येऊन झोपलेली असतात. वस्तू नानांच्या हातात द्या, त्यांच्या शेजारी पायरीवर बसा, आणि गावाचं नाव विचारा. मी ते इथं मुद्दाम लिहिलेलं नाही. जा आणि विचारा.