खरं निघालेलं पिस्तूल

फौजेतून निवृत्त होऊन मी महाडला परत आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. नोकरीभर माझं काम बंदुका तपासायचं आणि दुरुस्त करायचं. त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाच्या माळ्यावर जुनी तलवार किंवा ठासणीची बंदूक सापडली की लोक मला बोलावतात. वस्तू खरी आहे की बाजारातली नक्कल, एवढंच त्यांना हवं असतं. निवृत्त माणसाला असं कुणी विचारलं की बरं वाटतं. मलाही वाटायचं.

पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या अलीकडे एक वाडी आहे. तिथल्या बहुतेक घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. गावाने ठरवलं की ग्रामपंचायतीच्या एका खोलीत या माणसांची आठवण मांडायची. कुणी फोटो दिले, कुणी पदकं, कुणी ट्रंक. एक म्हातारी बाई म्हणाली, माझ्या सासऱ्यांचं पिस्तूल घ्या.

हे पिस्तूल सगळ्या वाडीला माहीत होतं. दसऱ्याला ते देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवलं जायचं. सासरे दुसऱ्या महायुद्धात हबशांच्या मुलखात, म्हणजे आताच्या इथिओपियाकडच्या डोंगरात इटालियन सैन्याशी लढले होते आणि ते पिस्तूल त्यांनी तिथल्या एका इटालियन अधिकाऱ्याकडून घेतलं, असं घरात सांगत. पण तिचा नवरा गावच्या नाटकांतून इन्स्पेक्टरचं काम करायचा, आणि ते पिस्तूल नाटकाच्या पेटीतलंच, अशी चेष्टा गावात पिढीभर चालली होती. साध्या शिपायाला कोण पिस्तूल आणू देतंय, असं लोक म्हणायचे. म्हणून तिने अट घातली. जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि काय ते सगळ्यांसमोर सांगा, मगच काचेच्या पेटीत ठेवा.

पंचायतीचा एक सदस्य मला न्यायला आला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पडवीत पंधरा-वीस माणसं जमली होती. मुंबईला असलेला तिचा मुलगाही दोन दिवसांची रजा काढून आला होता. गावचा पोलीस पाटील खांबाला टेकून उभा होता. तो तरुण आणि शांत माणूस होता. म्हातारीने फडक्यातून पिस्तूल काढून माझ्या हातात दिलं. हातात घेतल्याबरोबर वजनावरूनच मला कळलं, पण मी बोललो नाही. मला सावकाश, सगळ्यांच्या देखत तपासायचं होतं.

मॅगझीन काढलं. रिकामं होतं. वरचा सरकता भाग मागे ओढून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग भिंग घेऊन खुणा वाचल्या. राजमुकुटाची छोटीशी मोहोर, सालाचा आकडा आणि त्याला लागून मुसोलिनीच्या राजवटीचं वर्ष सांगणारे रोमन अंक. वरच्या भागावर आणि खालच्या सांगाड्यावर एकच नंबर. नकली मालावर अक्षरं ओतीव असतात, कडा विरघळल्यासारख्या दिसतात. इथे पोलादावर ठोकलेली अक्षरं होती, नखाला लागत होती. एकेक खूण मी लोकांना दाखवत गेलो. मोबाइलवर कुणी शूटिंग करत होतं. शेवटी मी सांगितलं की हे इटालियन सैन्याचं पिस्तूल आहे, महायुद्धाच्या काळातलं, आणि यातला एकही भाग बदललेला नाही.

म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि समोर बसलेल्या, चेष्टेत पुढे असणाऱ्या एका समवयस्क बाईकडे बघितलं, बस्स.

इथे मी थांबायला हवं होतं. खरं की खोटं एवढंच मला विचारलं होतं. पण इतक्या जुन्या हत्याराची सांभाळणूक बघून मी चकित झालो होतो. मी तिला विचारलं, याला काय लावता? ती म्हणाली, सासऱ्यांनी शिकवल्यापरमाने दर अमावास्येला उघडून पुसते, खोबरेल नाय लावायचं, शिलाई मशीनचं तेल लावायचं. मला राहवलं नाही. बघा, म्हणालो, या काकींनी काय काम केलंय. पिस्तूल वर करून मी घोडा मागे ओढला आणि चाप दाबला. पडवीत खणखणीत आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा एकदा घोडा ओढून चाप दाबला.

टाळ्या थांबल्यावर पोलीस पाटलाने हळूच विचारलं, "काका, म्हणजे ह्यात गोळी घातली तर सुटेल?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोडकं, गंजलेलं, वापरात न येणारं जुनं हत्यार घरात शोभेला ठेवलं तर कुणी काही म्हणत नाही. चालू पिस्तुलाला परवाना लागतो, आणि या घरात तो कधीच नव्हता. इतकी वर्षं सगळे त्याला नाटकातलं समजत होते म्हणून ते सुखाने तिथे होतं. पाटलाने डोळ्यांनी बघितल्यावर कळवणं त्याला भाग होतं. तो मला नंतर बाजूला घेऊन म्हणालाही, तुम्ही आतल्या खोलीत बघितलं असतंत तर मी काही बघितलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी मी, म्हातारी आणि तिचा मुलगा पिस्तूल घेऊन पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथला अधिकारी भला माणूस होता. स्वतःहून आणून देताय, तर गुन्ह्याची भाषा नको, म्हणाला. तिला खुर्ची दिली, चहा दिला. मुलाला म्हणाला की वारसा म्हणून परवान्याचा अर्ज करा, मिळेलच असं सांगता येत नाही. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "जुनं आहे. स्प्रिंग बिंग कमजोर असेल. निकामी आहे असं तुम्ही जाणकार म्हणून लिहून देऊ शकता का?"

पिस्तूल घरी परत नेण्याचं दार त्याने उघडून दिलं होतं. म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं की नाही, मला माहीत नाही.

नोकरीत मी चालू हत्याराला कधी निकामी म्हटलं नव्हतं आणि निकामी हत्याराला चालू म्हणून पुढे पाठवलं नव्हतं. खोटा शेरा कुणाच्या तरी जिवावर बेततो, हे मी जवानांना शिकवलं होतं. ते सगळं त्या क्षणी डोक्यात आलं. स्प्रिंग चांगली आहे, असं मी म्हणालो आणि तसंच लिहून सही केली. अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं. मग पिस्तूल जमा करून पावती दिली.

आज विचार करतो तेव्हा त्या सहीचं मला तितकं लागत नाही. ती कदाचित मी पुन्हाही केली असती. लागतं ते पडवीतलं. तिथे कुठल्याच नियमाने मला भाग पाडलं नव्हतं. मला टाळ्या हव्या होत्या.

पिस्तूल जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला गेलं. मुलाने अर्ज केला, दोन-तीन खेपा घातल्या, मग त्याला रजा मिळेना. पुढे कळलं की अर्ज नामंजूर झाला आणि पिस्तूल सरकारजमा झालं. हे तिला सांगायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला वाटेना.

ती अंगणात वाल निवडत बसली होती. मी सांगितलं. तिचा हात काही थांबला नाही. मी म्हणालो, काकी, माझ्यामुळे झालं हे. मी ते वाजवून दाखवायला नको होतं.

"तुमी खोटं नाय बोललात," ती म्हणाली. "सासरे खोटं नवते बोलत, ता गावाला कळला. मना तेवढाच पायजे होता." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पन अमावास्या आली का हाताला काम नाय रवत."

ती रडली असती, मला बोलली असती, तर मला तिथून उठता आलं असतं. तिने चहाचं विचारलं, मी नको म्हणालो.

पंचायतीची खोली तयार झाली. काचेच्या पेटीत पिस्तुलाचा मोठा फोटो लावलाय म्हणे, माझ्या हातात असतानाचा. उद्घाटनाला मला आग्रहाने बोलावलं होतं. गुडघा दुखतो असं सांगून मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात पोलादपूरच्या एसटी स्टँडवर ती दिसली. मी पटकन पेपरच्या स्टॉलमागे सरकलो. तिने मला बघितलं होतं. "अवो फौजी," म्हणून हाक मारली आणि महाडची गाडी कुठली ते विचारलं. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, एकटीच निघाली होती. मीही महाडलाच चाललो होतो. तिला हात देऊन गाडीत चढवलं आणि शेजारी बसलो.

वाटभर ती बोलत होती. यंदा डुकरांनी वरीचं किती नुकसान केलं, सुनेला मुंबईचं पाणी कसं सोसत नाही, घाटात बोगदा झाल्यापासून वाडीच्या रस्त्याला गाड्या कशा कमी झाल्या. मी हो हो म्हणत होतो. आता ती पिस्तुलाचं काढील, मग मी काय म्हणायचं, एवढंच माझ्या मनात चाललं होतं. तिने काढलं नाही. महाडला उतरल्यावर मी तिला दवाखान्याच्या दारापर्यंत सोडलं. आत जाताना तिने माझा हात धरला तो पायरी चढण्यापुरता, आणि चढून झाल्यावर सोडून दिला.