बाबांचा डाग आणि फुगलेली जमीन

बाबांच्या माघारी त्यांचा जेवढा भाग घरात उरला होता, तेवढा मी एका रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं, ब्रश घेऊन, धुऊन काढला.

भाग म्हणजे डाग. सोफ्याच्या पाठीवर, खिडकीकडच्या कोपऱ्यात, भाकरीएवढा खोबरेल तेलाचा डाग. गावाकडची, नेऱ्याची शेती विकून मी न्यू पनवेलला फ्लॅट घेतला आणि आई-बाबांना तिथं राहायला आणलं. तेव्हापासून बाबा त्या कोपऱ्यात डोकं टेकून बसायचे. दुसरं करणार काय? शेत गेलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर कामं तरी कुठली! (हवामानाच्या बातम्या मात्र कधी चुकवायचे नाहीत. कुणाच्या पिकासाठी बघत होते, कोण जाणे.)

हॉलमध्ये मी हौसेनं लॅमिनेटचं फ्लोअरिंग करून घेतलं होतं. तेव्हा त्याचं मोठं कौतुक होतं. वरून सागवान, आतून दाबलेला भुसा! "पाणी तेवढं सांडू देऊ नका साहेब, फळ्या फुगतात," असं दुकानदारानं बजावलं होतं. बाबांनी ते ऐकलं, पायाच्या अंगठ्यानं फळी दाबून बघितली आणि म्हणाले, "ज्या जमिनीला पानी चालत नाय, ती जमीन कसली रं?" त्यानंतर शेवटपर्यंत ते पाण्याचा पेला दोन्ही हातांनी छातीशी धरून हॉलमधून चालायचे. मुलाच्या घरात बाप पाहुण्यासारखा पाणी प्यायचा आणि मी चारचौघांत सांगायचो, बघा, आमच्याकडे किती शिस्त आहे!

मग ते गेले. आई सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसायची, ती तिथंच बसत राहिली. त्यांच्या जागेवर कधी बसली नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आली की मात्र त्या डागावर हात ठेवून जरा वेळ उभी राहायची. आम्ही नवरा-बायको तेव्हा मन लावून टीव्हीवरच्या जाहिराती बघायचो.

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तशी माझी बायको मनीषा म्हणाली, "अहो, सगळे नातेवाईक येणार. सोफ्याकडे बघवत नाही हो."

"धुऊन टाकतो."

"आईंना विचारा आधी."

"विचारलं तर नाही म्हणेल."

"मग?"

"मग विचारायचं कशाला!" मी म्हणालो. (माझे सगळे मोठे निर्णय असेच झाले आहेत. शेती विकण्याचासुद्धा.)

त्या रविवारी आई सकाळीच बाळारामकाकांबरोबर श्राद्धाचे तांदूळ आणायला नेऱ्याला गेली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आई संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. तेवढ्यात सोफा धुऊन, वाळवून मोकळं व्हायचं होतं. प्रश्न होता तो जमिनीचा. चादरी पाणी पितात. रेनकोट पुरेनात. तेवढ्यात मला माळ्यावरचा फ्लेक्स आठवला!

बाबा गेले तेव्हा गावच्या मंडळानं नाक्यावर फ्लेक्स लावला होता. वर बाबांचा फोटो, मधे ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली शोकाकुल मंडळींचे फोटो. त्यात मुलगा म्हणून मधोमध, सगळ्यात मोठा, मी. (फोटो माझ्या लग्नातला. डोक्यावर भरगच्च केस. मंडळातल्या पोरांना माझा अलीकडचा फोटो 'बघण्यासारखा' वाटला नाही.) तेराव्यानंतर काकांनी तो उतरवून आणून दिला. "जाड हाय, कामाला येल." पण असला फ्लेक्स ना फेकता येतो, ना भिंतीला लावता येतो. तो वर्षभर माळ्यावर गुंडाळून पडला होता.

"त्यावर उभं राहायचं?" मनीषानं विचारलं. "मामंजींवर?"

"उलटा घालू."

"म्हणजे त्यांना तोंडावर पाडायचं?"

शेवटी आम्ही आदरपूर्वक मार्ग काढला. फ्लेक्स सुलटाच अंथरला, पण बाबांच्या फोटोचा भाग नीट गुंडाळून भिंतीशी ठेवला आणि सोफा शोकाकुल मंडळींवर उभा केला. स्वतःच्या फोटोवर पाय देऊन मी कामाला लागलो.

सोफा फेसानं धुवायचा असतो, पाण्यानं नाही, हे मला माहीत होतं. मी फेसानंच सुरुवात केली. डाग जागचा हलला नाही. स्पंज ओला केला. डाग पसरून भाकरीचा घावन झाला. मग मी हट्टाला पेटलो. एक तांब्या ओतला. मग आणखी एक. मग बादलीच जवळ घेतली. "अहो, बास!" मनीषा ओरडली. "खाली फ्लेक्स आहे ना!" मी म्हणालो. बाबा एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले की त्यांना हलवणं कठीण असायचं. त्यांच्या डागानंही तेवढाच वेळ घेतला. पण शेवटी गेला. मी विजयी मुद्रेनं जेवायला बसलो.

जेवून आलो तर फ्लेक्स कोरडा! मला इतका आनंद झाला! मग वाटलं, एवढं पाणी गेलं कुठे? मी फ्लेक्सचा कोपरा उचलला. सगळं पाणी खाली होतं. फळ्यांच्या कडा वर आल्या होत्या आणि आम्ही बघत असताना आणखी वर येत होत्या. आम्ही दोघांनी टॉवेल आणले, पंखा लावला, मी हेअर ड्रायर घेऊन जमिनीवर बसलो. (घरात तो कधी माझ्या हाती यायचा नाही, कारणच नव्हतं.) खालून ओला झालेला फ्लेक्स मनीषानं बाल्कनीच्या कठड्यावर वाळत टाकला. तोही आदरपूर्वक! बाबांना ऊन लागू नये म्हणून त्यांचा फोटो आतल्या बाजूला घेतला.

त्यामुळे रस्त्यावरून काय दिसत होतं? 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली मी.

थोड्या वेळानं बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी आणि मागे पाच-सहा जण, सगळ्यांनी चपला जिन्यातच काढलेल्या. सोफ्याच्या फेसानं लाल झालेले डोळे पुशीत मनीषानं दार उघडलं.

"वहिनी, कधी झालं हो?" सेक्रेटरींनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"सकाळपर्यंत चांगलं होतं हो!" मनीषाला हुंदकाच आला. "बघता बघता पाणी झालं आत."

"अरेरे! फुफ्फुसात?"

"सगळीकडे! नुसतं फुगलंय. कापून काढावं लागेल म्हणतायत हे."

"कोण हे?"

"हे काय, आत बसलेत. ड्रायर घेऊन."

मी आतून हात वर केला. सेक्रेटरींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या माणसांकडे. त्यांतल्या एकाच्या हातात हार होता. (तो त्यांनी परत नेला. सोसायटीच्या खर्चात घातला की नाही, मी विचारलं नाही.)

हसावं की रडावं ते कळेना, तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. आई! काकांना गॅरेजचं काम निघालं म्हणून ते दोघं टेम्पोतून लवकर परतले होते. आईनं खालून बाल्कनी पाहिली होती. गुडघ्यांमुळे एक मजला न चढणारी माझी आई लिफ्टची वाटही न बघता तीन मजले चढून आली होती. माणसांना बाजूला सारत ती आत आली, माझ्यासमोर खाली बसली आणि दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. कान, नाक, गाल. तिचे हात गार पडले होते. मग तिनं एक थोबाडीत ठेवून दिली.

"मेल्या! बापाच्या पाटी तूबी जातोस काय?" असं म्हणून ती रडायला लागली, आणि मीही रडलो. दारातली मंडळी हळूच चपला घालून गेली.

काका तांदळाचं पोतं टेकवून जमीन बघत होते. आमच्या हॉलमध्ये आता आडव्यातिडव्या उंच रेघा उठल्या होत्या.

"आरं, बांध घातलास काय घरात?"

"काका, फ्लेक्समधून पाणी गळलं कसं? नवा होता!"

"गळल नाय तर काय! मीच कोयत्यानं चिरा पाडलेल्या त्याला. नाक्यावर वारा किती लागतो! वारा जायाला नको?" मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "दादाच्या फोटोला हात नाय लावला पन. तेवडा सोडून कापला."

म्हणजे अख्ख्या फ्लेक्सवर पाणी अडवणारी जागा एकच होती, बाबांची. ती आम्ही आदरपूर्वक गुंडाळून भिंतीशी ठेवली होती! सगळं पाणी शोकाकुल मंडळींमधून गेलं होतं. मी नंतर बाल्कनीत जाऊन पाहिलं. सगळ्यात मोठी चीर माझ्याच गळ्यातून गेली होती.

आई डोळे पुसून उठली आणि सोफ्याकडे वळली. मी खाली मान घातली.

"धुतलास?"

"हो."

"सगला गेला?"

"गेला."

डाग होता तिथं तिनं हात ठेवला, मग दुसरीकडे ठेवला, परत पहिल्या जागी. तिला जागा सापडत नव्हती. मला त्या क्षणी पुन्हा एक थोबाडीत हवी होती, पण ती मिळाली नाही. मग ती बाबांच्या कोपऱ्यात बसली, त्या ओल्या सोफ्यावर, आणि डोकं मागे टेकलं. "गार हाय," एवढंच म्हणाली.

फळ्या बदलायचं मी त्या वर्षी मनावर घेतलं नाही, पुढे तर विषयच निघाला नाही. सगळ्यात मोठा उंचवटा आईच्या नेहमीच्या जागेसमोर आला होता. तिथं तिचा पाय अडखळायचा. त्यामुळे ती बाबांच्या कोपऱ्यातच बसायला लागली. आणि पेला एका हातात धरून, पाणी सांडत, हॉलमधून चालायला लागली. कुणी तिला अडवलं नाही. अडवून वाचवणार काय होतो?

वर्षभरानं मनीषानं मला हळूच बोलावून दाखवलं. सोफ्याच्या पाठीवर, त्याच कोपऱ्यात, पुरीएवढा नवा डाग पडला होता. आईचाही खोबरेल तेलावर हात सैल होता. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि ब्रश माळ्यावर टाकून दिला, त्या फ्लेक्सशेजारी.

आता आईही नाही. डाग आहे. हल्ली संध्याकाळी त्या कोपऱ्यात मी डोकं टेकून बसतो आणि उठताना मागे वळून बघतो. काही नाही! फ्लेक्सवरचे केस फ्लेक्सवरच राहिले. या चकचकीत टकलाला तेल लावायचं कुठे आणि डाग पडायचा कशाचा? माझ्या मुलाला एक बरं आहे, माझ्यामागे त्याला धुवायलासुद्धा काही उरणार नाही.