पिंप्राळ्यातलं जपानी जेवण आणि अक्कांची भाकर

जळगावात जपानी जेवण मिळतं, हे मला आमच्या बँकेतल्या शिपायाने सांगितलं तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या धुळ्यात तेव्हा चायनीजची पहिली गाडी लागली होती आणि तिच्यावरही लोक शेव घालून घ्यायचे. तरी तो शिपाई शपथेवर सांगत होता, जळगावाच्या कडेला पिंप्राळ्यात ‘उगवती’ नावाची जागा आहे, फक्त दहा माणसं बसतात, आधी पत्र टाकावं लागतं. मी पत्र टाकलं. आठ दिवसांत उत्तर आलं, ‘शनिवारी सांजेला सातला या. दोन ताटं धरून ठेवतो.’

माझा नवरा अनिल मूळचा धुळ्याचा. शेवभाजी सोडून जगात दुसरं काही खाण्यासारखं आहे, यावर त्याचा विश्वास नाही. मी कोकणातली, लग्न होऊन इकडे आलेली. दहा वर्षं झाली तरी मला अधूनमधून समुद्राची स्वप्नं पडायची. अनिल म्हणाला, “कच्चं काही दिलं तर मी बाहेर स्कूटरजवळ थांबेन.” या अटीवर आम्ही निघालो.

डिसेंबरातली दुपार होती. पारोळ्यापर्यंत रस्ता बरा, पुढे कडेला खड्डे, आणि कापसाने फुगलेले ट्रक निम्मा रस्ता अडवून चाललेले. त्यांच्या मागे मागे राहिलं तर कापसाचे तंतू उडून अंगावर येतात. ऊन तिरकं झालं होतं, दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी, मधूनच केळीचा गारवा. मागच्या सीटवर मला इतकं सुख वाटत होतं की जळगाव आलंच नाही तरी चालेल, असं मी अनिलला ओरडून सांगितलं. वाऱ्यात त्याला काही ऐकू गेलं नाही. एरंडोलला चहा घेतला. तुम्ही जाणार असाल तर तिथेच घ्या, पुढे बराच वेळ धड चहा नाही. जळगावात स्टेशनजवळच्या लॉजमध्ये सत्तर रुपयांत खोली मिळाली, गरम पाणी बादलीने.

‘उगवती’ म्हणजे एका बैठ्या घराची पुढची खोली. सागवानी लाकडाचा लांब कट्टा, त्याच्या अलीकडे आपण, पलीकडे स्वतः मालक, सुपडूभाऊ. चाळिशीचा, बुटका, पांढराशुभ्र सदरा घातलेला माणूस. डोक्यावरच्या दिव्याला त्याने कागदी आवरण घातलं होतं, त्यामुळे सगळ्या खोलीत मऊ पिवळा उजेड पसरला होता. त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणजे आम्ही दोघंच.

पाणी घेऊन आल्या त्या अक्का, सुपडूभाऊंच्या आई. नऊवारी, गळ्यात तुळशीची माळ. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “बस वं बेटा, थकी गई व्हशी.” आणि आत गेल्या.

सुपडूभाऊ हळू आवाजात बोलत काम करत होते. इथल्या एका मारवाडी शेठजींचा कोबे शहरात मोत्यांचा व्यापार, त्यांनी यांना घरचा स्वयंपाकी म्हणून जपानला नेलं. नऊ वर्षं तिथे. शेठजींच्या घरी कांदासुद्धा नाही. पण सुटीच्या दिवशी हे गल्लीतल्या जपानी खानावळीत भांडी घासायला जायचे आणि घासता घासता शिकायचे.

“तिथं मासे हातात घेतले ताई, खोटं कशाला बोलू. इकडं आलो तर आई म्हणे, मी माळकरी, तुझ्या हातचं जेवणार नाही. दोन वर्षं झाली. एका घरात राहतो, पण तिची चूल मागं वेगळी.”

म्हणून त्यांनी सगळी खानावळ शाकाहारी ठेवली होती. माशांच्या जागी कोंबू, म्हणजे समुद्रात उगवणारं एक रुंद पान, वाळवलेलं. शेठजींची माणसं कोबेहून आणून द्यायची. पण अक्कांना समुद्रातल्या वस्तूचाच संशय. शेवटी मागच्या आठवड्यात मुक्ताईनगरला दर्शनाला गेल्या असताना तिथल्या एका म्हाताऱ्या माळकरी बाईने त्यांना सांगितलं, पाण्यातलं गवत म्हणजे गवतच. तेव्हा अक्का कबूल झाल्या होत्या. आज त्या पहिल्यांदा मुलाच्या हातचं घेणार होत्या. हे सांगता सांगता सुपडूभाऊंनी एकच वाटी दोनदा पुसली.

त्यांनी तीन वाट्या भरल्या. दोन आमच्यासमोर ठेवल्या, तिसरी कट्ट्याच्या टोकाला. अक्का येऊन तिथे बसल्या. वाटीत पाण्यासारखं स्वच्छ सार आणि त्यात तरंगणारे दोन डुबुकवडे, आपले खानदेशी, डाळीचे. मी एक घोट घेतला.

काय सांगू तुम्हाला! डोळे मिटले गेले. भरतीच्या वेळची खारी हवा, वाळत घातलेली जाळी, आईची चूल, सगळं एकदम तोंडात आलं. जळगावात, समुद्रापासून इतक्या लांब! आणि माझ्या या तोंडातून निघून गेलं, “अगंबाई, अगदी आमच्या घरच्या माशाच्या सारासारखं!”

अनिलचा पाय माझ्या पायावर जोरात आपटला. मी डोळे उघडले तर अक्कांच्या हातातली वाटी ओठांपासून चार बोटांवर थांबलेली. त्यांनी ती खाली ठेवली. रागाने नाही, जपून, एक थेंब न सांडता.

सुपडूभाऊ काकुळतीने म्हणाले, “मासा नही, माय. बठ्ठं शाकाहारी शे.”

“ऱ्हाऊ दे, बेटा,” म्हणून अक्का आत गेल्या. थोड्या वेळाने मागच्या चुलीपाशी भाकर थापल्याचा आवाज आला.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. सुपडूभाऊंनी मात्र तिसरी वाटी उचलली आणि पुढचं वाढायला घेतलं. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या गार शेवया आल्या, काळ्या खारट पाण्यात बुडवून खायच्या. मग केळीच्या पानात वाफवलेला भात, त्यावर भाजलेल्या उडदाच्या पापडाचा चुरा. शेवटी अख्खं भाजलेलं वांगं, न ठेचता, वर किसलेलं आलं. कबूल करते, लाज वाटत असूनही मी सगळं खाल्लं. अनिलने तर शेवया दोनदा घेतल्या. माणशी चाळीस रुपये घेतले. त्या काळी ते फार होते, पण मी ते आनंदाने दिले.

निघण्याआधी मी मागे अक्कांकडे गेले. “अक्का, त्यात मासा नाही हो. माझी जीभच कोकणातली, तिला सगळीकडे तेच दिसतं.”

अक्कांनी तव्यावरची भाकर उलटली. “तुनी जीभ खोटं नही बोलनी. पन आते मन नही घेत.” मग माझं तोंड बघून त्यांनाच कीव आली असावी. “सकाय वावरमा या. एरंडोलले. वांगा शेतस, भरीत करसूत.”

लॉजवर मला झोप आली नाही. अनिल म्हणाला, “उद्या तू फक्त जेव, बोलू नकोस.”

सकाळी धुकं होतं. अक्का आणि सुपडूभाऊ पहिल्या एसटीने पुढे गेले होते. एरंडोलहून पद्मालयाच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर त्यांचं वावर. धुक्यात कपाशी आणि आकाश एकच झालेलं, फक्त अक्कांचं हिरवं लुगडं तेवढं दिसत होतं. त्या वांगी तोडत होत्या, हिरवी, पांढरट पट्ट्यांची, हाताएवढी लांब. बांधावर गेल्या सालच्या कपाशीच्या काड्या रचलेल्या. शेजारी बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं.

मला वाटलं, अक्काच भाजतील. पण त्यांनी काडेपेटी मुलाकडे टाकली.

“मी?” सुपडूभाऊ म्हणाले.

“आठे कोनी चूल?” अक्का पायाखालच्या मातीकडे बोट दाखवून म्हणाल्या. “जमीन देवनी, काड्या वावरन्या. आठे काय इटाळ?”

जाळ लागला. सुपडूभाऊ वांगी हातानेच फिरवत होते. साल काळी पडून फुटल्यावर त्यांनी ती कोबेला शिकले होते तशी नुसत्या बोटांनी ओढून काढली, बोटं पाण्यात बुडवून, पुन्हा ओढून. अक्कांनी सवयीने बडगी पुढे सरकवली. सुपडूभाऊंनी ती बाजूला ठेवली आणि अख्खं वांगं केळीच्या पानावर आईपुढे मांडलं. वर थोडं आलं, चिमूटभर मीठ.

अक्कांनी फडक्यातून आपली भाकर काढली, तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घास घेतला. तिसरा.

“मीठ कमी शे रे,” त्या म्हणाल्या.

सुपडूभाऊ उठले आणि बांधावरच्या केळीच्या आड गेले. मीठ आणायला म्हणून गेले होते, पण मीठ तर इथेच होतं. परत आले तेव्हा डोळे लाल होते. अनिल म्हणाला, “धूर फार झालाय.” ते हो म्हणाले.

दुपारी आम्ही धुळ्याला पोचलो. अंगाला काड्यांच्या धुराचा वास होता आणि मी दुसऱ्या दिवशीपर्यंत केस धुतले नाहीत. त्या आठवड्यात घरी गॅसवर वांगं भाजून पाहिलं, आलं घातलं. काही जमलं नाही. माझ्या एका वाक्याने एका माणसाची दोन वर्षांची वाट जवळजवळ वाया जाणार होती, हे मात्र मनातून गेलं नाही, आणि अजूनही गेलेलं नाही.

महिनाभराने सुपडूभाऊंचं पोस्टकार्ड आलं. लिहिलं होतं, ‘आई अजून खानावळीत जेवत नाही. पण आता दर सोमवारी दुकान बंद ठेवतो. वावरात जातो. तिथं एकच गिऱ्हाईक असतं. मीठ दर वेळी कमीच असतं.’

मी लगेच अनिलला म्हटलं, “पुढच्या सोमवारी रजा टाकते. जाऊ या वावरात.”

त्याने कार्ड घेऊन पुन्हा एकदा वाचलं. “रविवारी जाऊ,” तो म्हणाला, “खानावळीत. सोमवारची जागा भरलेली आहे.”