वालातलं विमान

भात कापल्यावर बायकोने वाल पेरला आणि पंधरा दिवसांत ती गेली. तापाचं निमित्त. टोकावड्याहून मुरबाडच्या दवाखान्यात नेली, ती झाकूनच परत आणली. मागे राहिला तो वाल. तिच्या हातचं शेवटचं पेरणं. त्यातनं बियाणं धरायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेजारच्या माळावर त्या साली रविवारचे कल्याणहून तिघे यायचे. चाळिशीचे बाप्ये, अर्ध्या चड्ड्या आणि हातात रिमोटचं विमान. ते वर जायचं, दारुड्यासारखं झोकांड्या खायचं आणि नेमकं माझ्या वालात पडायचं. मग तिघेही बुटांसकट आत.

"अवो, वाल हाय तो! गवत नाय!"

"सॉरी काका. स्टिक फार सेन्सिटिव्ह आहे. जरा हलवली की विमान एकदम वळतं."

"मंग जरा कमी हलवा."

हसले. हसायला काय जातंय?

तिसऱ्या रविवारी कोयता घेऊनच गेलो. "आता पडलं तर तुकडे गोळा करून न्या." त्यातल्या टकल्याचं तोंड उतरलं. त्याने विमान उघडून दाखवलं. रिमोटची दांडी हलवली की आतली मोटर एक बोटाएवढा हात फिरवते, आणि त्या हाताला अडकवलेली तार शेपटी हलवते. हाताला चार भोकं. तार सगळ्यात बाहेरच्या भोकात.

"बाकीची भोकं कशाला?"

"असतात काका."

असतात! एवढी शिकलेली माणसं, आणि भोक कशाला ते कुणी विचारलं नाय. आमच्या नांगराच्या दांड्याला जू बांधायच्या खाचा असतात. खाच बदलली की फाळ उथळ चालतो. हे चौथी नापास माणसालाही कळतं.

"तार आतल्या भोकात घाला. शेपटी कमी हलंल."

"पण कंपनीने सेटिंग करून दिलंय."

"मंग कंपनीलाच बोलवा तुडवलेला वाल उभा करायला."

घातली तार. विमान सरळ गेलं, घारीसारखं वळलं. तरी टकल्या दांडीला झटके देतच होता. मी ओरडलो, "हात हलका ठेवा!"

हे बोलणं माझं नव्हे. मी बैलांचा कासरा ओढायचो, नांगराचं तास वाकडं जायचं, आणि बी सोडत मागून येणारी बायको दर साली हेच म्हणायची. मी जन्मभर ऐकलं नाय. त्या टकल्याने एका दुपारी ऐकलं. म्हणजे त्या तिघांपेक्षा मोठा गाढव कोण, ते सांगायला नको.

जाताना त्यांनी बिस्किटाचा पुडा दिला. कुत्र्याला घातला.

तुडवलेल्या पट्ट्यात काय आलं नाय. उरलेल्याला शेंगा धरल्या. वाळवून, सोलून, राख लावून दाणे मडक्यात भरले. शेजारीण दारात आली.

"एकट्याला एवढा वाल कशाला वो? बिरड्यापुरता तरी द्या."

"बियाणं हाय."

"सगळंच बियाणं? मंग खाल कधी?"

तोंडाळ बाई. मी मडक्याचं तोंड शेणाने लिंपून टाकलं.