दादांचं डोळ्यांचं औषध

माझे थोरले भाऊ देवगाव रंगारीहून डोळे दाखवायला माझ्याकडे आले, ते ऑपरेशनच्या तयारीनंच. पिशवीत दोन जोड कपडे, टॉवेल आणि कन्नडच्या बाजारातून आधीच आणून ठेवलेला काळा गॉगल. डावा डोळा वर्षभर धूसर होता. गावातल्या चार जणांचे मोतीबिंदू निघाले होते, ते गॉगल लावून पारावर बसायचे आणि येणारा-जाणारा त्यांची विचारपूस करायचा. दादांना तेच हवं होतं असं मी म्हटलं तर ते चिडतील, पण हवं तेच होतं.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. भरपूर जमीन, गावात शब्दाला वजन, आणि आपल्याला कुणी काही शिकवावं हे त्यांना मुळातच मान्य नाही. मी संभाजीनगरात तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन घरी बसले, तरी दादांच्या लेखी मी अजून दोन वेण्यांचीच आहे.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढलाय, त्यानं मागची नस हळूहळू मरते आहे. गेली तेवढी नजर परत येणार नाही. उरलेली राखायची असेल तर रोज न चुकता थेंब टाकायचे, जन्मभर.

दादांचा चेहरा असा झाला की कुणी लग्नाला बोलावून मांडवाबाहेर उभं केलंय. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "येवढ्या लांबून आलो आन् थेंब? बरं, नजर वाढणार नाय म्हणतो. मंग फायदा काय?"

मी सांगितलं की उरलेलं दिसत राहील हाच फायदा. ते त्यांना फायद्यात धरण्यासारखं वाटलं नाही. गॉगल मात्र त्यांनी तिथंच चढवला.

निघण्याआधी दवाखान्यातल्या सिस्टरनं आम्हा दोघांना समोर बसवून थेंब कसे टाकायचे ते दाखवलं होतं. आधी हात साबणानं धुवायचे. मान मागं टाकायची, खालची पापणी बोटानं हलकेच ओढायची, तिथं जी खोबण होते तीत एकच थेंब सोडायचा. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला कशालाच लावायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दोन वेगळ्या बाटल्या होत्या, एक सकाळ-संध्याकाळची, दुसरी फक्त झोपतानाची. कधी दोन्ही लागोपाठ टाकायची वेळ आलीच तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्यायची. बाटली उघडली ती तारीख खोक्यावर लिहायची आणि महिन्यानं उरलेलं औषध टाकून द्यायचं. मग तिनं विचारलं, दमा आहे का, छाती भरते का, नाडी मंद आहे का. दादांना तो प्रश्न अंगाला लागला. अजून विहिरीत पोहतो म्हणाले. सिस्टरनं कागदावर खूण केली. हा प्रश्न डोळ्याच्या दवाखान्यात का विचारतात, हे मी विचारलं नाही. मला रिक्षा धरायची घाई होती.

त्यानंतर मी दर आठवड्याला फोन करून विचारायचे, थेंब टाकता का. दादा म्हणायचे, टाकतो. मीही मोठ्या हुशारीनं समाधान मानायचे. वर्गातल्या पोरांनी गृहपाठ केला का विचारल्यावर काय उत्तर येतं, ते तीस वर्षं ऐकलेली बाई मी.

हिवाळ्यात हुरडा खायला म्हणून गावी गेले तेव्हा कळलं. दोन्ही बाटल्या ओट्यावरच्या कोनाड्यात, उन्हात. एकीचं टोपण हरवलेलं, त्या जागी कापसाचा बोळा. शेजारी फवाऱ्याचं नोझल आणि तंबाखूची डबी. खोक्यावर तारीख नव्हती, कारण खोकंच नव्हतं. ती बाटली कधीची, असं विचारलं तर म्हणाले, पोळ्याच्या आसपासची असंल. म्हणजे चार महिने होऊन गेलेले.

संध्याकाळी त्यांनी माझ्यादेखत औषध टाकलं. हात धुतले नाहीत. बोळा दातानं काढला, बाटलीचं टोक सरळ पापणीच्या केसांवर टेकवलं, नेम चुकू नये म्हणून, आणि चार-पाच थेंब सोडले. औषध गालावरून मिशीत उतरलं ते उपरण्यानं पुसलं आणि लगेच उठून गोठ्याकडं निघाले. मी म्हटलं, दादा, एकच थेंब टाकायचा असतो, डोळ्यात जास्त मावतच नाही. ते म्हणाले, पिकाला कमी फवारा मारून चालतं का. मी कोपरा दाबण्याचं विचारलं, तर ती दवाखान्यातली नाटकं म्हणाले. मग आणखी कळलं की ज्या दिवशी बरं दिसतं त्या दिवशी ते टाकतच नाहीत.

मी तिथंच, गड्यांसमोर, त्यांना बोलले. असं औषध घेण्यापेक्षा ते उकिरड्यावर ओता, निदान डोळ्यात घाण तरी जाणार नाही, असं काहीसं. दादा शांतपणे म्हणाले, "बाई, तू पोरं शिकवलीस. म्हातारे शिकवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एसटीनं परतले. फोन करणंही बंद केलं. मोठा माणूस आहे, आंधळा व्हायचा तर होऊ दे, असं मी शेजारणीला सांगितलं. ते वाक्य मी इतक्या सहज बोलले की आज आठवलं तरी स्वतःची किळस येते.

पुढच्या महिन्यात तूर काढायला आली. मळणीचा धुरळा सगळ्या अंगणात. वहिनींचे डोळे लाल झाले, पाणी गळायला लागलं. वहिनी म्हणजे दादांची बायको, मला लहानपणी अंघोळ घातलेली, शांत आणि सोशिक. त्यांना वीस वर्षांपासून दमा आहे, उशाशी पंप असतो. त्यांच्या डोळ्यांवर दादांनी स्वतःच इलाज ठरवला. शहरातल्या मोठ्या डॉक्टरचं औषध घरात असताना दवाखान्यात कशाला जायचं. जे औषध स्वतःला रोज टाकायचा त्यांना कंटाळा होता, तेच बायकोला मात्र त्यांनी सकाळ-संध्याकाळ न चुकता टाकलं, चार-चार थेंब.

तिसऱ्या दिवशी वहिनींना दम लागला. पंप ओढूनही उतार पडेना. जीपनं कन्नडला नेलं, तिथं वाफ दिली, थोडं बरं वाटलं, संध्याकाळी घरी आणलं. डोळे अजून लाल होते, म्हणून दादांनी पुन्हा थेंब टाकले. दोन दिवसांनी वहिनी मोरीपर्यंत चालत जाताना मटकन खाली बसल्या. ओठ काळे पडले होते. तेव्हा त्यांना थेट संभाजीनगरला आणलं आणि मला फोन आला.

दुपारी दवाखान्यात पोचले तर वहिनींच्या तोंडावर मास्क, आणि दादा भिंतीला टेकून उभे, गॉगल खिशात. तरुण डॉक्टरीणबाई विचारत होत्या, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. दमा इतका कशानं उसळला, शिवाय नाडी इतकी मंद कशी, हे त्यांना जुळत नव्हतं. दादांनी पंपाचं नाव सांगितलं, रक्तदाबाची गोळी सांगितली, आयुर्वेदिक काढासुद्धा सांगितला. थेंबांचं सांगितलं नाही. त्यांनी ते लपवलं असं मी म्हणणार नाही. डोळ्यात टाकतात ते औषध असतं हेच त्यांना पटलेलं नव्हतं.

वहिनींनी मास्क जरा बाजूला केला आणि मला म्हणाल्या, "वन्सं, यांचं डोळ्याचं बी घालतेय मी. पाच-सहा दिस झाले."

डॉक्टरीणबाई पलंगाजवळ आल्या. कुठलं, असं त्यांनी विचारलं. गावी असलेल्या भाच्यानं, म्हणजे दादांच्या मुलानं, कोनाड्यातल्या बाटलीचा फोटो काढून मोबाइलवर पाठवला. तो बघून त्यांनी सिस्टरला काहीतरी सांगितलं, आणि मग दादांकडं वळल्या. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, काचबिंदूचं हे औषध दम्याच्या माणसाला देतच नाहीत. त्यानं श्वासाच्या नळ्या आवळतात आणि हृदयाचे ठोके कमी होतात.

दादा म्हणाले, "डोळ्यात टाकलेलं छातीत कसं जाईल?"

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना विचारलं, थेंब टाकल्यावर घशात काही चव लागायची का. वहिनींनी मान हलवली. कडू लागायचं, व्हय. डोळ्याच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिथून औषध रक्तात जातं. कोपरा दाबायला सांगतात तो त्यासाठीच, आणि एकच थेंब टाकायला सांगतात तोही त्यासाठीच.

मी ती नळी तीस वर्षं फळ्यावर काढली होती. अश्रुनलिका, नाव लिहा, दोन गुण. रडताना नाक का वाहतं हे मी पोरांना दरवर्षी विचारायचे आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला शाबासकी द्यायचे. सिस्टरनं दम्याचं विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात एवढासुद्धा प्रकाश पडला नाही, आणि वहिनींच्या उशाचा पंप तर मी कितीदा नवा आणून दिला होता. दादांना तुच्छ लेखायला मी पुढं, पण उपयोगाच्या वेळी आम्ही दोघं सारखेच अडाणी.

वहिनी पाच दिवस दवाखान्यात होत्या. थेंब बंद केल्यावर छाती मोकळी होत गेली, डोळ्यांचं दुखणं साधी धुळीची ॲलर्जी निघालं. पाच दिवस दादा पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होते. वहिनींना सारखं पाणी देऊ का विचारायचे. आलोच आहोत तर त्यांचेही डोळे दाखवू म्हटलं, तर गुपचूप आले. अंधाऱ्या खोलीत बसवून लुकलुकणारे दिवे दिसले की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी गेली होती. डॉक्टरांनी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून दाखवला, काळा भाग कुठून कुठं आला ते बोटानं फिरवून दाखवलं. दादांनी पहिल्यांदाच फायदा काय असं विचारलं नाही.

औषध आता वहिनींच्या ताब्यात आहे. नव्या बाटल्या त्यांच्या कपाटात, खोक्यावर भाच्यानं तारीख लिहिलेली. दादांना त्या खाटेवर आडवं पाडतात, आधी हात धुऊन येतात, थेंब सोडतात आणि डोळ्याचा कोपरा स्वतःच्या बोटानं दाबून धरतात. दादांनी हलायचं नाही, बोलायचं नाही. उभ्या आयुष्यात दादा त्यांच्यासमोर एवढा वेळ गप्प बसलेले नसतील. परवा मी बघत होते, दोन मिनिटं होऊन गेली तरी वहिनींनी बोट काढलं नाही.

दादा मात्र पारावर बसून सगळ्या गावाला शिकवतात. एकच थेंब, टोक लावायचं नाय, दुसऱ्याचं औषध घालायचं नाय, दम्याचं आधी सांगायचं. जणू हे सगळं त्यांनीच शोधून काढलंय. बायकोचं काय झालं होतं ते त्यात कुठं येत नाही. मी एकदा तिथंच म्हणणार होते, पण वहिनींनी डोळ्यानं नको म्हटलं.

माझ्याबद्दलही सांगायला हवं. काचबिंदू घराण्यात चालतो, सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्यावेत असं डॉक्टर दादांच्या पहिल्या तपासणीलाच म्हणाले होते, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. मला सगळं स्पष्ट दिसतंय, मला काय गरज, असं म्हणत मी टाळलं. शेवटी वहिनींच्या आग्रहावरून गेले. उजव्या डोळ्यात सुरुवात आहे.

पहिल्या आठवड्यात माझे थेंब नाकावर पडले, गालावर पडले, एकदा कानात गेले. एकदा तर, खरं सांगते, टोक पापणीला टेकलं आणि मी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं का. ती बाटली टाकून दिली. आता भिंतीला डोकं टेकवून खुर्चीवर बसते आणि घड्याळ समोर ठेवते. तरी महिन्यातून एखादी वेळ चुकते. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला की विचारतात, टाकलंस का. मी म्हणते, टाकलं.