देवीच्या आधी खाल्लेली पेज

आमच्या पाड्याच्या वरच्या टेकाडावर देवीचं देऊळ आहे. किती जुनं, ते कुणालाच ठाऊक नाही. सुट्टीत गाडी करून येणारे पाहुणे हटकून विचारतात, आणि आमची म्हातारी माणसं सांगतात, "आमच्या आज्याच्या आज्यानंही असंच पाहिलं." आत मूर्ती नाही, शेंदराखाली एक शिळा आहे. पाहुणे नारळ फोडतात, फोटो काढतात, जातात. आमचा तिच्याशी संबंध पोटाचा. ती प्रत्येक घरातली थोरली, म्हणून नवं धान्य आधी तिनं खायचं. भगत दिवस ठरवतो, सगळा पाडा मिळून वर जातो, आणि मगच घरोघरी नवा भात शिजतो. तोवर एक शीतही तोंडात घालायचं नाही.

गेल्या वर्षी लवकर पिकणारं हळवं भात झोडून झालं तरी दिवस ठरेना, कारण भगत भिवंडीला बांधकामावर अडकला होता. देवीचं पोट भरायचं तर आधी भगताचं भरायला हवं, त्याला कोण काय म्हणणार! पण आमच्या घरात आई अंथरुणाला खिळली होती. मी मोखाड्याला कचेरीत जायचे, संध्याकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन परत यायचे, मग तिचं अंग पुसायचं, लुगडं बदलायचं, भरवायचं. दोन घासांवर ती तोंड फिरवायची. मला तिचा राग यायचा. खोटं कशाला सांगू, कधी कधी वाटायचं, सुटू दे एकदाची. मग स्वतःचीच शिसारी यायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "मना नव्या भाताची पेज दे."

कितीतरी दिवसांत तिनं आपणहून काही मागितलं होतं. मी म्हटलं, "आय, अजून देवीला दाखवायचाय." तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढचे दोन दिवस पाण्याखेरीज काही पोटात गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. गिरणीत नेलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता, म्हणून दार लावून ओंजळभर भात उखळात कांडलं आणि चुलीवर पेज ठेवली. नव्या तांदळाचा वास काही लपत नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेली आई वळली.

"देवीला दाखवला का?"

"हो. आज सकाळीच."

"सगळा पाडा गेलता?"

"सगळा."

तिनं माझ्या आवाजाकडे तोंड केलं आणि घास घेतला. वाटी संपत आली तेव्हा उरलेली पेज माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तूपण खा." मी सकाळपासून उपाशीच होते. खाल्ली.

चार दिवसांनी ती गेली. दुसऱ्या दिवशी भगत येऊन पोचला, पण पाड्यात मयत झालं की दिवस होईपर्यंत देवीचं काही करता येत नाही. आमच्यापायी अख्खा पाडा जुनाच तांदूळ खात राहिला. बसायला आलेल्या बाया म्हणायच्या, "तुझी आय कधी देवीआधी दाणा खायाची नाय. बघ, नवं न खाताच गेली." मी नुसती मान हलवायचे. देवी कोपेल अशी भीती वाटावी, एवढंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

दिवस झाले आणि एका सकाळी पाडा वर निघाला. मीही टोपलीत भात घेतलं, पण पाय उचलेना, उंबऱ्यावरच बसले. वर ढोल सुरू झाला. देवीला नवं दाखवताना तो वाजतोच, त्याशिवाय दाखवणं होत नाही. आवाज थेट आईच्या रिकाम्या खाटेपर्यंत येत होता. आईचे डोळे गेले होते, पाय गेले होते, कान मात्र शेवटपर्यंत शाबूत होते. खाली रस्त्यावर जीप थांबली की माझी चाहूल तिला लागायची.

पेज केली त्या सकाळी ढोल वाजला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं मला विचारलं, माझं ऐकून घेतलं आणि पेज खाल्ली. इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं.